दारू पिऊन गाडी चालवली आणि माणूस गेला: जबाबदारी कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघातात माणूस गमावलेल्या घरांतून, आणि कधीकधी गाडी चालवणाऱ्याच्या घरातूनही, जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. कायदा भारतातला आहे, उदाहरणं जमतील तिथे महाराष्ट्रातली. तुमच्या केसचे कागद बघितल्याशिवाय पक्कं कुणीच सांगू शकत नाही, वकील लागणारच, पण वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं तरी इथून कळेल.

१. एक बिअर घेतली तर चालतं ना? कायद्यात 'प्यायलेला' म्हणजे नक्की किती?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही, आणि दोषी ठरलात तर लायसन्स किमान ६ महिने बाद. हे सगळं नुसतं पिऊन चालवल्याबद्दल, कुणाला साधा धक्काही लागलेला नसताना.

एका बिअरने आकडा किती चढेल ते वजन, पोटात काही होतं का, बाटली किती कडक होती, किती वेळात संपवली यावर आहे, त्यामुळे 'माझं लिमिट मला माहितीये' याला काही अर्थ नाही. आणि ३० च्या खाली असलात म्हणून माणूस उडवल्यावर सुटलात असंही नाही. आकडा कमी असला तरी हयगयीचा गुन्हा वेगळा लागतोच (प्रश्न ३).

२. रात्री प्यायलो, नीट झोपलो, सकाळी निघालो. तेव्हा तर मी शुद्धीत होतो?

शुद्धीत असाल, पण रक्तात शिल्लक असू शकते. शरीर १०० मिलीलिटर रक्तामागे साधारण तासाला १५ मिलीग्रॅमच्या आसपास अल्कोहोल कमी करतं, कुणाचं थोडं जास्त कुणाचं थोडं कमी. हिशोब करा: रात्री १ वाजता १५० वर असाल तर ३० वर यायलाच ८ तास लागतात, म्हणजे सकाळचे ९ वाजले. ७ वाजता गाडी काढली तर तुम्ही अजून ६० वर आहात, मर्यादेच्या दुप्पट. कॉफी, लिंबू पाणी, गार पाण्याने आंघोळ, उलटी, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. झोप उडते, दारू नाही उडत.

३. जीव गेला तर कुठलं कलम लागतं? पेपरात रोज वेगळं वाचतो.

सगळा गोंधळ इथेच होतो. मुख्य कलमं दोन.

भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), हयगयीने मृत्यू. जास्तीत जास्त ५ वर्षं आणि दंड. यात कायदा असं धरतो की माणूस बेफिकीर वागला पण जीव जाईल अशी जाणीव त्याला होती असं म्हणता येत नाही.

दुसरं कलम १०५, सदोष मनुष्यवध. मारायचा हेतू नव्हता, पण आपण जे करतोय त्याने कुणाचा जीव जाऊ शकतो हे ठाऊक होतं आणि तरी केलं, तर १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. खून नाही, पण नुसता अपघातही नाही.

अपघात १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागू होते, तिथे हयगयीच्या ३०४अ ला फक्त २ वर्षं होती आणि सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ होतं. खटला आत्ता चालू असला तरी अपघाताची तारीख धरायची, निकालाची नाही. याशिवाय बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम २८१ आणि मोटार वाहन कायद्याचं १८५ सोबत लागतातच.

कुटुंबाने एफआयआरची कॉपी हातात आल्या आल्या आधी हेच बघावं की १०५ आहे का नुसतं १०६. सुरुवातीला १०६ लावलेलं असलं तरी तपासात पुरावा मिळाला की कलम वाढवता येतं, चार्जशीटच्या वेळी पण, आणि नंतर कोर्टातही.

४. पण 'ठाऊक होतं' हे कोर्ट कसं ठरवतं? माणसाच्या डोक्यात कोण शिरणार?

शिरावं लागत नाही, वागण्यावरून काढतात. महाराष्ट्रासाठी महत्त्वाची केस म्हणजे वांद्र्याचा कार्टर रोड. नोव्हेंबर २००६, पहाटेची वेळ, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ जण गेले, ८ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल ०.११२ टक्के, म्हणजे वरच्या हिशोबात ११२ मिलीग्रॅम. खालच्या कोर्टाने हयगय धरून ६ महिने दिले, त्यावर लोक भयंकर चिडले, मग मुंबई हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कोर्टाने दारू, वेग, आणि त्याला माहीत असलेला रस्ता जिथे मजूर झोपतात, हे सगळं एकत्र बघितलं.

त्याच वर्षी दिल्लीच्या बीएमडब्ल्यू केसचा निकाल आला. जानेवारी १९९९ चा अपघात, ६ मृत्यू, त्यातले ३ पोलीस. तिथेही सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधच धरला, पण शिक्षा भोगलेल्या साधारण २ वर्षांवरच थांबवली, वर ५० लाख भरायला आणि २ वर्षं समाजसेवा करायला सांगितलं. कलम मोठं पण शिक्षा छोटी, हे तिथे दिसतं, आणि खरं सांगायचं तर गेलेल्यांच्या घरच्यांना हे पटावं अशी अपेक्षाच करू नये.

म्हणजे दारू प्यायलेली होती एवढ्यावर १०५ आपोआप टिकत नाही. किती प्यायला होता, वेग किती, वस्ती कसली, सोबतच्यांनी अडवलं होतं का, आधी कुठे ठोकून पुढे तशीच दामटली का, हे सगळं रेकॉर्डवर यावं लागतं.

५. त्याला तर शुद्धच नव्हती, मग जाणीव होती असं कसं म्हणता?

हा बचाव आपल्याकडे चालत नाही, आणि न चालणंच बरोबर आहे. न्याय संहितेचं कलम २३ म्हणतं की कुणी जबरदस्तीने किंवा नकळत पाजली असेल आणि त्यामुळे काय करतोय हेच कळत नसेल तरच सूट. स्वतःहून प्यायलेल्याला कलम २४ लागू होतं, त्यात शुद्धीतल्या माणसाला जेवढी जाणीव असती तेवढी याला होती असंच कायदा धरतो.

नैतिक बाजूनेही मला हेच महत्त्वाचं वाटतं. लोक चुकीची वेळ धरतात. स्टिअरिंगवर बसल्यावर त्याला काही सुधरत नव्हतं हे मान्य, पण त्याच्या चार तास आधी, पहिला ग्लास उचलताना, किल्ली खिशात होती आणि डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. घरी कसं जायचं हे तेव्हा ठरवता आलं असतं. पार्टीला गाडी घेऊन जाणं हाच निर्णय असतो, पुढचं सगळं त्यातून येतं. बाकीची बरीचशी उत्तरं मी याच्याच आधारावर देतोय, की तेव्हा शुद्धीत कोण कोण होतं आणि कुणाला काय माहीत होतं.

६. दोन माणसं मेली आणि हा त्याच रात्री जामिनावर घरी. पैसे चारले असणार ना?

चारले असतीलही, पण त्याशिवायही हे घडू शकतं. १०६(१) जामीनपात्र आहे, जामीन हा आरोपीचा हक्कच होतो, पोलीस स्टेशनमधूनही मिळतो. १०५ अजामीनपात्र आहे आणि खटला सेशन्स कोर्टात चालतो. म्हणून पहिल्या रात्री कुठलं कलम लागतं याला एवढी किंमत आहे. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं मात्र नाही, खटला राहतोच.

७. टेस्टला नाही म्हटलं, किंवा पळून जाऊन दोन दिवसांनी हजर झाला, तर दारू सिद्धच होणार नाही?

अवघड होतं, अशक्य नाही. ब्रेथ टेस्ट किंवा रक्त द्यायला कारणाशिवाय नकार दिला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ खाली तो नकारच सरकारी पक्षाच्या बाजूने धरता येतो. अटक झाली असेल तर पोलिसांच्या सांगण्यावरून डॉक्टर गरजेपुरती बळजबरी करूनही तपासणी करू शकतात, ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम ५१ मध्ये आहे. कलम १८५ खाली पकडलं तर २ तासांच्या आत मेडिकल व्हायला हवी, नाही झाली तर सोडावं लागतं, त्यामुळे पहिले दोन तास वाया घालवणं म्हणजे अर्धी केस घालवणं.

पळून गेलेल्यांचं म्हणाल तर जुलै २०२४ च्या वरळीच्या अपघातात आरोपी दोन दिवसांनी सापडला, तोपर्यंत रक्तात काय उरणार (प्रश्न २ मधला हिशोब लावून बघा). अशा वेळी बारचं बिल, कार्ड किंवा यूपीआयची नोंद, बारमधलं आणि रस्त्यावरचं सीसीटीव्ही, वेटरचा जबाब, मोबाईलचं लोकेशन यावर केस उभी राहते. बरीचशी सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणून कुटुंबाने पहिल्याच आठवड्यात पोलिसांना लेखी अर्ज द्यावा की अमुक अमुक ठिकाणचं फुटेज ताब्यात घ्या, आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्यावा.

पळून जाणं हा वेगळा गुन्हा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करायची आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं. जमाव अंगावर येत असेल तर जागेवर न थांबण्याची मुभा आहे, पण तिथून सरळ पोलीस स्टेशन गाठायचं, फार्महाऊस नाही. पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंतची शिक्षा असलेलं १०६(२) नव्या संहितेत लिहिलंय खरं, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा मोठा संप झाला आणि १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणारं 'हिट अँड रनला १० वर्षं' धरून चालू नका.

८. रक्ताचा रिपोर्ट 'निल' आलाय. आम्ही काय बघायचं?

आधी वेळ बघा. अपघात किती वाजता, रक्त किती वाजता घेतलं, मध्ये किती तास गेले. मग नमुन्याचा प्रवास: कुणी घेतलं, कुणासमोर घेतलं, कातडी पुसायला स्पिरिट वापरलं का (वापरलं तर बचावाचा वकील त्यावरच धरतो), बाटलीत फ्लोराइड टाकलेलं होतं का, सील कुणाचं, लेबलवर नाव आणि वेळ बरोबर आहे का, पोलीस स्टेशनमध्ये किती दिवस पडून होता, फॉरेन्सिक लॅबमध्ये पोचला तेव्हा सील शाबूत होतं का. कलिनाच्या लॅबमध्ये असो किंवा दुसऱ्या, नमुना आत घेताना सीलची नोंद होते, ती नोंद मागवा. सोबत डॉक्टरांनी पहिल्या तपासणीत लिहिलेलं बघा: तोंडाला वास, डोळे, चालणं, बोलणं. रक्ताचा आकडा नसला तरी ते पान पुराव्यात येतं.

पुण्याच्या कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या केसमध्ये (प्रश्न ११) रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप आहे आणि त्यात डॉक्टरांसकट आरोपीच्या घरच्यांवरही अटकेची वेळ आली, खटल्यात काय सिद्ध होतं ते होईल, पण तेव्हापासून प्रत्येक घर हा प्रश्न विचारतं आणि विचारायलाच हवा. संशय असेल तर डीएनए जुळवून बघण्याची मागणी लेखी करा.

तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत पीडित कुटुंबाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३(३). सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, आणि आरोपी सुटला तर कलम ४१३ खाली अपीलही करता येतं. पुरावा कच्चा राहिला की काय होतं त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, वांद्र्याच्या २००२ च्या केसमध्ये सलमान खानला मे २०१५ ला सेशन्स कोर्टाने ५ वर्षं दिली आणि त्याच डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं, कारण गाडी तोच चालवत होता आणि प्यायलेला होता हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

९. मी फक्त बाजूला बसलो होतो. माझ्यावर केस होऊ शकते?

नुसतं बसल्याबद्दल सहसा नाही, साक्षीदार म्हणून मात्र बोलावतीलच. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ कुणी वाचत नाही: पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो त्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. 'चल रे, काही होत नाही, दाब अजून' असं म्हटलेलं व्हिडिओत आलं, किंवा तो प्यायलाय हे बघून तुम्हीच त्याच्या हातात किल्ली दिली, तर तुम्ही त्यात आलात.

आणि कायद्यात आला नाहीत तरी मनाने सुटलात का हे स्वतःला विचारा. मित्र बहुतेक वेळा गप्प बसतात ते भांडण नको म्हणून, चारचौघांत त्याचा पाणउतारा नको म्हणून. मित्र चिडला तर दोन दिवसांनी समजूत काढता येते. त्याची किल्ली काढून घ्या, नाही दिली तर तुम्ही त्या गाडीत बसू नका आणि त्याच्या घरी फोन लावा.

१०. गाडी माझ्या नावावर आहे पण चालवत दुसरा होता. मी अडकतो का?

भरपाईत जवळपास नेहमीच. तुमच्या परवानगीने किंवा तुमचा पगारी ड्रायव्हर म्हणून चालवत असेल तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावरही येते. गाडी विकली पण आरसी ट्रान्सफर केली नाही, हे तर आपल्याकडे सर्रास आहे, आणि कागदावर नाव तुमचं म्हणून नोटीस तुम्हालाच येते.

फौजदारीत तुम्हाला काय माहीत होतं ते बघतात. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर कलम १८० खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. प्यायलाय हे माहीत असून दिली तर वरचं १८८.

११. चालवणारा १७ वर्षांचा असेल तर? त्याला मोठ्यांसारखी शिक्षा का होत नाही?

कल्याणीनगरनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. १९ मे २०२४ ला पहाटे मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले आणि त्यांना उडवणारी गाडी चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घालून जामीन मिळाला, लोकांचा संताप समजण्यासारखा होता.

पण कायद्याची अडचण निबंधाच्या पलीकडची आहे. बाल न्याय कायद्यात १६ ते १८ च्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा तर गुन्हा 'अतिगंभीर' असावा लागतो, म्हणजे ज्याला कमीत कमी ७ वर्षांची शिक्षा आहे असा. सदोष मनुष्यवधाला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण किमान ७ ची अट नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका मर्सिडीज अपघाताच्याच केसमध्ये हे स्पष्ट केलं, की किमान शिक्षा नसेल तर तो गुन्हा अतिगंभीर धरता येणार नाही. पुण्यातही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. ही फट बुजवायची तर संसदेनेच बुजवायला हवी. बाल न्याय मंडळ जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं.

पालक मात्र सुटत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ: पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. 'आम्हाला न विचारता नेली' हे म्हणता येतं पण सिद्ध पालकांनी करायचं, पोलिसांनी नाही. मूल किल्ली घेऊन जातंय हे घरात कुणाला माहीतच नव्हतं असं क्वचित असतं, आणि माझ्या मते अशा केसमधला मोठा गुन्हेगार किल्ली देणारा मोठा माणूसच असतो.

१२. ज्या बारने एवढी पाजली त्यांचं काय? पार्टी ज्याच्या घरी होती त्याचं काय?

झिंगलेल्या गिऱ्हाईकाला पाजल्याबद्दल मृताच्या कुटुंबाने बारकडून थेट भरपाई मागावी असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, काही देशांत आहे. आपल्याकडे बार अडकतो तो बहुतेक वयावरून. महाराष्ट्रात कडक दारूला २५ आणि बिअर-वाईनला २१ वर्षं लागतात. १८ च्या आतल्याला दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७, ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, आणि हे बारवाल्यालाच नाही तर घरच्या पार्टीत देणाऱ्या काकालाही लागू आहे.

घरी पार्टी दिलीत तर कायदा सहसा तुमच्या दारापर्यंत येत नाही. पण पाहुण्याला चौथा पेग स्वतः भरून दिलात आणि त्याची गाडी खाली उभी आहे हे माहीत होतं, तर त्याला झोपायला गादी टाकणं तुमचंच काम होतं.

१३. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घेतला तर साहेब सुटतात का?

सुटायचा प्रयत्न करतात आणि सीसीटीव्ही, सीटवरचे ठसे, एअरबॅगवरचे डाग, मोबाईल यात पकडले जातात. मग पुरावा नष्ट करणं किंवा खोटी माहिती देणं हे न्याय संहितेचं कलम २३८, आरोपीला लपवणं हे कलम २४९, असे नवे गुन्हे वाढतात. त्यात एक अपवाद आहे: लपवण्याच्या गुन्ह्यातून नवरा-बायकोला सूट आहे, आई-वडिलांना नाही. मुलासाठी बाप काहीही करेल हे ऐकायला बरं वाटतं, पण १५-२० हजार पगाराच्या माणसाला दुसऱ्याच्या पोराच्या बदली जेलमध्ये पाठवणं यात माया कसली.

१४. भरपाई किती मिळते? आकडा कसा काढतात?

फौजदारी केस वेगळी आणि भरपाई वेगळी. भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सगळे ज्याला ट्रिब्युनल म्हणतात. अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो. मुदत अपघातापासून ६ महिने लिहिलेली आहे, उलटून गेली असेल तरी गप्प बसू नका, लगेच वकिलाला भेटा.

एक उदाहरण घेऊ. २९ वर्षांचा माणूस, खाजगी नोकरी (कायम नसलेली), पगार महिना ३०,०००, घरात बायको, मुलगी, आई. वर्षाचे ३,६०,०००. पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के जास्त, झाले ५,०४,०००. तो स्वतःवर खर्च करत असेल म्हणून तीन जण अवलंबून असताना एक तृतीयांश वजा, उरले ३,३६,०००. २६ ते ३० वयाला गुणक १७, म्हणजे ५७,१२,०००. त्यावर अंत्यविधी, संपत्तीचं नुकसान आणि सहवास हरपल्याच्या ठरलेल्या रकमा, आणि व्याज. अविवाहित असेल तर सहसा निम्मी रक्कम वजा होते.

पगार सिद्ध करायला स्लिप, बँक स्टेटमेंट, रिटर्न लागतात. रोखीत पगार घेणाऱ्यांच्या घरच्यांचे इथे फार हाल होतात, मालक कागद द्यायला तयार नसतो.

दोष कुणाचा हे सिद्ध न करता हवी असेल तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनचे सरकारी योजनेतून २ लाख.

१५. तो प्यायलेला होता म्हणून इन्शुरन्स कंपनी हात वर करतेय. मग आम्हाला मिळणार कुठून?

कंपनीला हा बचाव आहे हे खरं, कलम १५० मध्ये पिऊन चालवण्याचा उल्लेख आहे. पण मेलेला माणूस त्या पॉलिसीत 'तिसरा', म्हणजे थर्ड पार्टी आहे, त्याचा त्या दारूशी संबंध नाही, म्हणून कोर्टांनी अनेकदा कंपनीला सांगितलंय की आधी कुटुंबाला द्या, मग मालकाकडून वसूल करा. अर्जात ही मागणी वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या.

पिऊन ज्याने गाडी ठोकली त्याला मात्र स्वतःच्या गाडीचं सहसा काही मिळत नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने इंडिया गेटजवळ आपटलेल्या पोर्शच्या केसमध्ये सांगितलं, की ब्लड टेस्ट नसली तरी तोंडाचा वास आणि बाकी परिस्थितीवरूनही कंपनी क्लेम नाकारू शकते.

१६. प्यायलेला चालकच मेला तर?

त्याच्यावरची फौजदारी केस तिथेच संपते, मेलेल्यावर खटला नाही. त्याने ज्यांना मारलं त्यांची भरपाई संपत नाही, ती मालक आणि इन्शुरन्स कंपनीकडून येते. त्याच्या स्वतःच्या घरच्यांना, चूक पूर्ण त्याचीच असेल तर, सहसा काही मिळत नाही, मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पण दारूमुळे नाकारला जातो. त्या घरातही लहान मुलं असतात, आणि त्यांनी काहीच केलेलं नसतं.

१७. आमच्या माणसाने हेल्मेट घातलं नव्हतं, तोही थोडा प्यायलेला होता. मग आमचीच चूक म्हणतील?

आरोपीचा वकील नक्की म्हणेल. भरपाईत काही टक्के कापले जाऊ शकतात, पण त्याची चूक अपघाताला कारण ठरली हे दाखवावं लागतं. सिग्नलला उभ्या असलेल्याला मागून उडवलं तर त्याच्या पोटात काय होतं याने काही फरक पडत नाही. आणि याने आरोपीचा गुन्हा पुसला जात नाही.

१८. समोरची पार्टी पैसे देतेय, सही करा म्हणतात. घ्यावेत का?

१०५ किंवा १०६ ही दोन्ही तडजोडीने मिटणारी कलमं नाहीत. तुम्ही स्टॅम्पपेपरवर सही केली तरी केस सरकार विरुद्ध आरोपी अशीच राहते, फार तर ते हायकोर्टात जाऊन रद्द करून मागतील आणि तिथे मिळेलच असं नाही. तुमची सही त्यांना लागते ती बहुतेक साक्ष ढिली करण्यासाठी.

पैसे घेणं यात लाज नाही. कमावता गेलाय, मुलीची फी भरायचीय, आणि बाहेरच्यांनी 'मुलाचा सौदा केला' म्हणणं हे क्रूर आहे. फक्त दोन गोष्टी: आपला वकील वाचल्याशिवाय सही नाही, आणि 'मी काही बघितलं नाही' असं लिहिलेल्या कागदावर कधीच सही नाही. ट्रिब्युनलचा हक्क सोडतोय असं आत कुठे बारीक अक्षरात आहे का तेही बघा.

१९. रोज हजारो लोक पिऊन चालवतात. ज्याच्यासमोर माणूस आला त्याचं नशीब वाईट, एवढंच ना?

दोघं एकाच टेबलवरून सारखीच पिऊन निघाले, एक घरी पोचला, दुसऱ्यासमोर कुणी रस्ता ओलांडत होतं. पहिल्याला पकडलं तर १०,००० दंड, दुसऱ्याला १० वर्षांपर्यंत. फरक नशिबाचा आहे हे खरंय. पण यावरून दुसऱ्याचा गुन्हा कमी होत नाही, पहिल्याचा वाढतो. दोघांनी निर्णय तोच घेतला, दोघांनी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव पणाला लावला. दुसऱ्यावर मात्र एक गोष्ट जास्तीची येते: एका ठराविक घराला तो आयुष्यभर उत्तर देणं लागतो, आणि 'माझं नशीब' हे त्या घरासमोर बोलायचं वाक्य नाही.

२०. माझ्या हातून हे झालंय. मी त्या घरी जाऊन माफी मागू का?

हा प्रश्न रात्री उशिरा येतो, आणि खरा असतो.

आधी वकिलाला विचारा, कारण जामिनाच्या अटीत साक्षीदारांशी संपर्क नको असं बऱ्याचदा असतं आणि घरचे लोक साक्षीदार असू शकतात. न विचारता गेलात तर दबाव टाकायला गेलात असाच अर्थ निघेल. मधल्या माणसातर्फे विचारा, ट्रिब्युनलमधल्या त्यांच्या वकिलातर्फे विचारलंत तर उत्तम, आणि त्यांनी नको म्हटलं तर नको, परत विचारायचं नाही. भेट तुमचं मन हलकं करायला नसते.

भेट न घेताही करता येण्यासारखं बरंच आहे, आणि ते जास्त उपयोगाचं आहे. तपासात खरं सांगा की गाडी तुम्हीच चालवत होतात. भरपाईच्या दाव्यात तारखांवर तारखा मागू नका, वर्षानुवर्षं खेचू नका. गेलेल्या माणसावर खोटा दोष टाकणारा बचाव वकिलाला घेऊ देऊ नका, तो अधिकार तुमच्याकडे आहे, वकील तुमच्या सांगण्याबाहेर नाही. पैसे द्यायचे असतील तर ट्रिब्युनलमध्ये जमा करा, पाकिटात घालून नेऊ नका. आणि झोप लागत नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर डॉक्टरांना आजच भेटा, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.